अनामत नको, पुस्तक घरी न्या

मे महिना, शुक्रवार

मुलांना साडेदहालाच घरी पाठवलं, त्यानंतर बाहेर पाय ठेववत नाही. इकडे विदर्भात पारा 44-45 ला टेकतो म्हणून आमचा उन्हाळी वाचनवर्ग सकाळी साडेसातलाच सुरू होतो, आणि शाळा उघडतात जूनच्या शेवटी, एवढ्या लांब सुट्टीत पोरं करणार काय, मोबाईलच.

वाचनालय शासनमान्य आहे, 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, पण ते हप्त्यानं येतं आणि पगार, पेपर, लाईट बिल, नवीन खरेदी यातच संपतं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तकं भेट मिळतात, त्याचा मोठा आधार आहे. पण सुट्टीतला मुलांचा खर्च म्हणजे गावच्याच भरवशावर.

आपल्याकडे वाचनालयाला देणगी म्हटलं की लोकांना कपाट द्यायचं असतं. लोखंडी कपाट, वर ऑइल पेंटनं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्या भावनेचा मला आदर आहे, आमची निम्मी कपाटं तशीच आलीत. पण यंदा मी सगळ्यांना एकच सांगत फिरले, कपाटं पुरेत, मुलांची अनामत भरा. बालविभागाची वर्गणी अगदी नाममात्र आहे, गाडं अडतं ते अनामतीवर. परत मिळणारे असले तरी ते 200 रुपये आज हातात लागतात ना, आणि रोजानं निंदायला जाणारी बाई ते कुठून काढणार? मग तिचं पोरगं हॉलमध्ये बसून वाचतं आणि रिकाम्या हातानं घरी जातं. गोडी लागते ती मात्र घरी, दुपारी कूलरसमोर आडवं पडून, कोणी बघत नसताना, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून. हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय की याबद्दल मला कोणी काही पटवू शकत नाही.

एका निवृत्त गुरुजींनी बायकोच्या नावानं रक्कम दिली, बचत गटाच्या बायकांनी आपसात गोळा करून आणली. जिनिंगवाल्या भाऊंना सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल द्यायची होती. मी म्हटलं भाऊ, तसं केलं तर मुलं नुसती पानं उलटतात आणि कार्डावर शिक्का मारून घेतात, आणि हळू वाचणारं लेकरू मागे पडून यायचंच बंद होतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग तेवढीच रक्कम फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांसाठी द्यायला तयार झाले. रोख काढत होते, पण दोन हजारांच्या वर रोख दिलं की देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही म्हणून चेक घेतला, पावती लगेच फाडली. पावतीत कधी उशीर करायचा नाही, पुढच्या वर्षीची देणगी तिच्यावरच असते.

आज एक मुलगी आईला घेऊन आली. पुस्तक तिनं ओढणीत गुंडाळून धरलेलं. आईनं दारातूनच विचारलं, "मॅडम, फाटलं तं किती पैसे भरा लागतीन?" उघडून पाहिलं तर हत्तीच्या पानाचा कोपरा फाटलेला आणि भाताच्या शितानं नीट जुळवून चिकटवलेला, सोंडेची रेघ सुद्धा बरोबर जमवलेली. लहान भावाला वाचून दाखवत होती, त्यानं ओढलं. म्हटलं ताई, काही भरायचं नाही, गावानं आधीच भरलंय. त्यांना ते पटेचना, मग देणगीची नोंदवही उघडून दाखवली. मुलीनं तोवर दुसरं पुस्तक काढलं होतं, चांगलं जाडजूड. शिताला झुरळं लागतात म्हणून त्या गेल्यावर कोपरा हलकेच सोडवला आणि मागून पातळ कागद लावून फेविकॉलनं बसवला.

काही पुस्तकं परत येणार नाहीतच, कुटुंबं कामासाठी गाव सोडतात, पुस्तक सामानात जातं. जाऊ दे. त्या घरात एक तरी पुस्तक असेल, आणि कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी हेच सांगणार आहे.

उद्या चेक भरायचा, बाइंडरकडे दहा-बारा पुस्तकं टाकायची. भाऊ साडेसातला मुलांना भेटायला येणार आहेत, त्यांना सांगितलंय भाषण नको, एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. फोनवर जरा घाबरलेच, पुस्तक आजच पाठवा म्हणाले, घरी वाचून ठेवतो.