पहिलं पदक मिळायला २००० साल का उजाडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी एके काळी कबड्डी खेळायचे हे कळलं, की हळदीकुंकवापासून ऑफिसातल्या निरोप समारंभापर्यंत कुणी ना कुणी हा प्रश्न टाकतंच: "एवढा मोठा देश, मग आपल्या बायकांना ऑलिम्पिकचं पहिलं पदक मिळायला २००० साल का उजाडावं लागलं?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा तयारच असतं. आपल्या मुली नाजूक, खाणंपिणं बेताचं, घरचे सोडत नाहीत. यातलं शेवटचं खरं आहे. बाकीचं मला पटत नाही.

सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्य मिळवलं. पण बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेच मुळी त्या वर्षी. त्याआधी ती दोनदा जगज्जेती होऊन बसली होती! मेरी कोमचंही तेच. बायकांचं बॉक्सिंग २०१२ला लंडनमध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी तिने पदक आणलं. तोवर ती पाच वेळा विश्वविजेती झालेली होती. उशीर कुणी केला मग?

बायकांच्या हॉकीला १९८०मध्ये मॉस्कोत प्रवेश मिळाला, आपल्या मुली चौथ्या आल्या. बायकांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत १९८४ला प्रथमच झाली, पी. टी. उषा एका शतांश सेकंदाने चौथी. दोन्ही वेळी बहिष्कारामुळे काही बलाढ्य देश आले नव्हते, हेही मी लपवत नाही. पण स्पर्धा सुरू झाली रे झाली, की आपल्या मुली पदकाच्या उंबरठ्यावर, हे काही नाजूकपणाचं लक्षण नव्हे. बायकांची आठशे मीटरची शर्यत १९२८ला झाली, धावणाऱ्या थकलेल्या दिसल्या म्हणून बंद केली, ती थेट १९६०ला पुन्हा आली. पुरुष धावल्यावर थकत नसावेत.

सगळा दोष परक्यांवर ढकलता येत नाही. बायकांची कुस्ती २००४पासून होती, पण आपली पहिली पैलवान, गीता फोगट, २०१२ला पोहोचली आणि साक्षी मलिकचं कांस्य २०१६ला आलं. तिथे आखाड्यात मुलीला उतरवायलाच कुणी तयार नव्हतं.

आणि पैसा. १९२०चा अँटवर्पचा संघ आपल्या मुंबईच्या दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेला, पदरचे पैसे घालून. सगळे पुरुष. दोराबजींच्या घरात मात्र मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या, आणि झकास खेळायच्या. १९२४ला पॅरिसला नोरा पोली टेनिस खेळली. भारताकडून ऑलिम्पिकमध्ये उतरलेली ती पहिली स्त्री. त्यानंतर १९५२पर्यंत एकही नाही. हेलसिंकीला चौघी गेल्या: नीलिमा घोष, आरती साहा, डॉली नाझीर आणि आपल्या वांद्र्याची मेरी डिसोझा. आरती तर अकरा वर्षांची पोर! मेरीने आदल्या वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत दोनशे मीटरमध्ये कांस्य मिळवलं होतं, तरी प्रवासाच्या पैशांची बोंब. शेवटी शेजाऱ्यांनी, मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांची स्पर्धा ठेवून वर्गणी जमवली. देशासाठी धावायचं आणि भाड्याची सोय वांद्र्याने करायची. मला विचाराल, तर त्या पत्ते खेळणाऱ्यांचाही फोटो कुठेतरी लावायला हवा.

आता माझं. आशियाई स्पर्धांमध्ये पुरुषांची कबड्डी १९९०ला बीजिंगला आली. बायकांची २०१०ला, ग्वांगझूला. मधली वीस वर्षं म्हणजे माझी सगळी कारकीर्द. मी लालबागला मातीत चढाया करत होते तेव्हा बोनस गुण घेऊन सुखरूप परत येणाऱ्या मुलीही आमच्यात होत्या आणि कोपऱ्यावरून घोटा धरला की सोडायचंच नाही अशाही होत्या. त्या कुठपर्यंत जाऊ शकत होत्या? राष्ट्रीय स्पर्धा, आणि खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा बँकेत नोकरी. नोकरी लागली की घरचेही बोलायचे थांबायचे. पगार सुरू झाल्यावर मुलीचा गुडघा फुटलेला चालतो. हे आमच्यातल्या बहुतेकींना लग्नाआधी कळलं, काहींना नंतर. म्हणून जुन्या क्रिकेटपटू डायना एडलजींचं मला क्रिकेटपेक्षाही जास्त कौतुक आहे ते यासाठी, की पश्चिम रेल्वेत राहून त्यांनी मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून जिवाचं रान केलं. पदकाची बातमी होते, नेमणुकीच्या पत्राची होत नाही.

ग्वांगझूला आपल्या मुलींनी पहिल्याच झटक्यात सुवर्ण आणलं, हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून ओरडत होते आणि माझी एक जुनी जोडीदार फोनवर रडत होती. आनंदानेच, असं ती म्हणाली.

२०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सोसायटीत फटाके वाजले. उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा काढणारी जेमिमा रॉड्रिग्जही वांद्र्याचीच. त्या रात्री पहिल्या पदकाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. पण प्रो कबड्डी २०१४ला सुरू झाली, मुलींसाठी २०१६ला तीन संघांचा एक छोटा प्रयोग झाला आणि तो पुढे सरकलाच नाही. त्याबद्दलही अजून कुणी विचारलेलं नाही.