अरुंधती घोष यांचा नकार आणि त्यामागची कारणे

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत राहणारी काही मुले-मुली आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकायला माझ्याकडे येतात. त्यांच्या वह्यांमध्ये सर्वंकष अण्वस्त्रचाचणी बंदी करार, म्हणजेच सीटीबीटी, बहुधा एकाच ओळीत आटोपलेला असतो: भारताची सही नाही, कारण करार भेदभाव करणारा आहे. परीक्षेपुरते तेवढे पुरेसे असेलही. परंतु या ओळीमागे जिनिव्हात अडीच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वाटाघाटी आहेत, आणि त्यांच्या अखेरच्या, सर्वांत कठीण टप्प्यात भारताची बाजू मांडणाऱ्या राजदूत अरुंधती घोष आहेत. महासत्तांना ठणकावून ‘नाही’ म्हणणारी स्त्री अशीच त्यांची आठवण आपल्याकडे काढली जाते. मला मात्र त्यांचे मोठेपण त्या नकाराच्या आवाजापेक्षा त्याची कारणे कलमवार नोंदवून ठेवण्यात दिसते. नकार कुणीही देऊ शकतो. तो का दिला हे पुढची पिढी मूळ कागदांवरून तपासू शकेल, अशी सोय फार थोडे लोक करून ठेवतात.

घोष यांचा जन्म १९३९ सालचा, मुंबईतला. १९६३ मध्ये त्या भारतीय परराष्ट्र सेवेत आल्या, पुढे दक्षिण कोरिया आणि इजिप्त येथे राजदूत झाल्या, आणि १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयात भारताच्या स्थायी प्रतिनिधी म्हणून रुजू झाल्या. तेथील निःशस्त्रीकरण परिषदेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. एका देशाने हरकत घेतली की मसुदा पुढे सरकत नाही. या नियमामुळे त्यांच्या हाती मोठे बळ होते आणि तेवढीच मोठी जबाबदारीही होती.

चाचण्या थांबवा ही मागणी मुळात भारताचीच आहे, हे विसरले तर १९९६ चा पेच उलगडतच नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला, त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरील खलाशांवर पडली, आणि २ एप्रिलला पंडित नेहरूंनी संसदेत अशा स्फोटांना तातडीने विराम देण्याचा प्रस्ताव मांडला. १९८८ मध्ये राजीव गांधींनी २०१० पर्यंत सर्व अण्वस्त्रे टप्प्याटप्प्याने नष्ट करण्याचा आराखडा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे ठेवला. १९९३ मध्ये तर चाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी सुरू कराव्यात या ठरावाचा भारत अमेरिकेसह सहप्रस्तावक होता. मग तीन वर्षांत असे काय घडले की ज्याने मागणी केली त्यानेच हात आखडता घेतला?

मे १९९५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला बेमुदत मुदतवाढ मिळाली. पाच देशांकडे अण्वस्त्रे आहेत आणि इतरांनी ती बाळगायची नाहीत, ही व्यवस्था कोणतीही कालमर्यादा न घालता कायम झाली. त्यानंतर काही महिन्यांतच फ्रान्सने मुरुरोआ प्रवाळबेटावर नव्याने चाचण्या सुरू केल्या, आणि वाटाघाटी चालू असतानाच चीनने आपल्या उरलेल्या चाचण्या उरकून घेतल्या. त्यांतली शेवटची २९ जुलै १९९६ ची. ज्यांना चाचण्यांची गरज उरलेली नव्हती, त्यांनाच आता चाचणीबंदीची घाई झाली होती.

२० जून १९९६ रोजी घोष यांनी परिषदेत केलेले निवेदन मी मुलांना वर्गात मोठ्याने वाचायला लावते. त्यात अलंकार नाहीत, कुणावर चिखलफेक नाही. मसुद्याचे पहिले कलम आण्विक स्फोटांना बंदी घालते. स्फोट न करता, प्रयोगशाळेत आणि संगणकावर अस्त्रे सुधारत राहण्याला ते हात लावत नाही. ज्यांच्याकडे आधीच्या शेकडो चाचण्यांची माहिती साठलेली आहे त्यांना ही वाट मोकळी आणि इतरांना बंद, असा करार सर्वंकष कसा म्हणायचा, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा की, ठरावीक मुदतीत अण्वस्त्रे नष्ट करण्याची बांधिलकी करारात असावी ही भारताची दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. त्यामुळे आताच्या स्वरूपात या मसुद्यावर भारत सही करू शकत नाही, असे त्यांनी सांगितले.

त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या भोवतालचे देश उघडपणे किंवा लपूनछपून अस्त्रांचे कार्यक्रम चालवत आहेत आणि अशा स्थितीत भारत स्वतःच्या क्षमतेवर बंधन घालून घेऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. तोवर भारत या व्यासपीठावर मुख्यतः नैतिक भूमिकेतून बोलत असे आणि सुरक्षेचा हिशोब मनातच ठेवत असे. घोष यांनी दोन्ही गोष्टी एकाच भाषणात शेजारीशेजारी ठेवल्या. परिषदेतल्या अनेकांना ते रुचले नाही. तरीही शांततेच्या चर्चेत एखाद्या देशाने आपली भीती लपवून केवळ तत्त्वे मांडावीत, यापेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक होता असे माझे ठाम मत आहे.

यानंतर आले चौदावे कलम. करार अंमलात येण्यासाठी ४४ ठरावीक देशांनी त्याला, नुसत्या सहीपलीकडे, अधिकृत संमती दिलीच पाहिजे, अशी अट त्यात घालण्यात आली. निःशस्त्रीकरण परिषदेचे सदस्य असलेले आणि अणुभट्ट्या असलेले हे देश, आणि त्यांत भारत. सही करणार नाही असे भारताने आधीच सांगितले होते; इतकेच नव्हे, तर करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या यादीतून स्वतःची केंद्रेही मागे घेतली होती. तरी त्याचे नाव ४४ देशांच्या यादीत कायम राहिले. शिवाय तीन वर्षांत करार लागू झाला नाही तर पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी परिषद बोलावण्याची तरतूद होती, आणि त्यातून भारतावर दबाव आणला जाईल ही शंका निराधार नव्हती. वर्गातल्या एका मुलीने हे फार चांगले सांगितले: “मॅडम, हे म्हणजे सोसायटीच्या पुनर्विकासाला नकार देणाऱ्या सभासदाची सही सक्तीची करायची आणि मग काम अडल्याचा ठपकाही त्याच्यावरच ठेवायचा.” कोणत्याही सार्वभौम देशावर त्याच्या संमतीविना कराराचे बंधन लादता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा मूळ नियम आहे. घोष यांनी याच नियमावर बोट ठेवले.

ऑगस्टमध्ये भारताने परिषदेतील सर्वसंमती रोखली. तेव्हा ऑस्ट्रेलियाने तोच मसुदा थेट न्यूयॉर्कला, जिथे बहुमताने निर्णय होतो त्या आमसभेत नेला. १० सप्टेंबर १९९६ रोजी बाजूने १५८ मते पडली आणि विरोधात तीन: भारत, भूतान आणि लिबिया. हा करार भारत आता नाही आणि नंतरही मान्य करणार नाही, असे घोष यांनी तेथे सांगितले, आणि हे चौदावे कलम जोवर मसुद्यात आहे तोवर करार अंमलात येणार नाही, असेही बजावले. त्या वर्षात दिल्लीत नरसिंह राव, वाजपेयी आणि देवेगौडा असे तीन पंतप्रधान झाले. जिनिव्हातली भूमिका मात्र डळमळली नाही. याचे श्रेय एकट्या घोष यांना देणे योग्य ठरणार नाही, कारण सूचना दिल्लीहूनच येत होत्या. पण सरकारे बदलत असताना सभागृहात उभे राहून तोच धागा पकडून ठेवणे सोपे नसते.

मुले येथे हमखास अडवतात. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला आपण स्वतःच पाच स्फोट केले, मग जिनिव्हातला निःशस्त्रीकरणाचा आग्रह केवळ वेळ काढण्यासाठी होता का? हा प्रश्न टाळता येत नाही आणि मी तो टाळतही नाही. पर्याय मोकळा ठेवणे हा नकाराचा एक हेतू होताच आणि तो २० जूनच्या निवेदनात उघडपणे लिहिलेला आहे. पण त्यामुळे मसुद्यावरचे आक्षेप खोटे ठरत नाहीत. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेच्या सिनेटने हा करार ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला. चीनने सही केली, पण संमती अजून दिलेली नाही. रशियाने दिलेली संमती २०२३ मध्ये काढून घेतली. करार आजही अंमलात आलेला नाही, आणि त्याचे खापर एकट्या भारतावर फोडता येत नाही.

‘नंतरही नाही’ हे मात्र फार दिवस टिकले नाही. चाचण्या झाल्यावर भारताने पुढील चाचण्या स्वतःहून थांबवल्या, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयींनी त्याच आमसभेत, करार अंमलात येण्यास भारतामुळे विलंब होऊ नये अशा अर्थाची तयारी दाखवली. हा घोष यांचा पराभव होता असे मी मानत नाही. पोखरणनंतर भारताची गरजच बदलली होती.

माझी खरी तक्रार २०१७ विषयी आहे. त्या वर्षी ७ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार संमत केला. त्याच्या वाटाघाटींकडे पाचही अण्वस्त्रधारी महासत्तांनी पाठ फिरवली, आणि भारतानेही. अशा वाटाघाटी जिनिव्हाच्या परिषदेतच व्हायला हव्यात, हे आपले कारण होते. पण त्या परिषदेने १९९६ नंतर एकही नवा करार घडवलेला नाही. सही करणे भारताला शक्य नसेल, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा आपला प्रतिनिधी त्या सभागृहात असायला हवा होता. अण्वस्त्रे कोणत्या क्रमाने आणि किती वर्षांत नष्ट व्हावीत, पडताळणी कुणी करावी, शेजाऱ्यांच्या अस्त्रांचे काय, हे प्रश्न घोष यांनी उपस्थित केले होते तितक्याच स्पष्टपणे आणि कलमवार त्याने तेथे नोंदवायला हवे होते.