ओली बाळंतीण

"कोयता थांबवा गं!"

उसाच्या शेवटच्या दोन सऱ्या उरल्या होत्या. पाचटात बिबट्याची दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली.

वनखात्याची माणसं आली. पिल्लं तपासून क्रेटमध्ये ठेवली आणि क्रेट त्याच जागी. अंधार पडला की आई येते, एकेकाला तोंडात धरून नेते. आमच्या जुन्नरकडे हे नवं नाही. इथल्या बिबट्यांना ऊस हेच रान.

तोडणीवाल्या ताईंची कोपी, म्हणजे झोपडी, हाकेच्या अंतरावर. पोरगं झोळीत. म्हटलं, आज आमच्या पडवीत झोपा. आल्या. पण निघताना क्रेटकडे बघत म्हणाल्या, "ओली बाळंतीण हाय ती. उपाशी नसंल ना?"

तालुक्यात बिबट्याने माणसं मारलीत. भीती मलाही वाटते. तिच्या पोटाचा विचार मात्र माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

अकरा वाजलेत. क्रेट रिकामा झाला असेल का?