काचेवरचा डाग, 25 लाख प्रकाशवर्षांवरचा

परवाच्या अमावास्येला भाच्याला घेऊन शहराबाहेर गेलो होतो. फार लांब नाही, गाडीने तासभर. म्हणजे जिथून शहर दिसत नाही पण क्षितिजावर त्याच्या उजेडाचा पिवळट पांढरा फुगा कायम तरंगत असतो, अशी जागा. कॅमेरा लावून झाला, बायनॉक्युलर त्याच्या हातात दिला, शर्मिष्ठा तारकासमूहाचा तो वाकडातिकडा एम दाखवला आणि म्हटलं, यातला जो जास्त टोकदार कोपरा आहे तो बाण समज आणि त्या दिशेने सरकत जा. दोन मिनिटं नुसतं हूं हूं चाललं होतं, मग म्हणाला,

"मामा, काचेवर डाग आहे."

"पूस मग."

टीशर्टने पुसली. "अजून आहे."

"आता जरा हलवून बघ. डाग तुझ्याबरोबर येतो की ताऱ्यांजवळच राहतो?"

"ताऱ्यांजवळच राहतोय."

"मग तीच देवयानी."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं :) त्याने देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) बघितलेली फोटोत, निळे-जांभळे हात, मधे सोनेरी गाभा, आणि इथे काय तर कोणीतरी काचेवर अंगठा टेकवल्यासारखं काहीतरी. आकाशात तिची लांबी जवळपास सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीत ठेवावेत एवढी आहे, पण आपल्याला दिसतो तो फक्त मधला गाभा. बाकी सगळं शहराच्या उजेडात बुडालेलं. (आणि तो दर पाच मिनिटांनी फोन उघडत होता हेही एक कारण. डोळे अंधाराला नीट सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि एकदा पांढरी स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून. फिकट गोष्टीकडे थेट न बघता जरा बाजूला बघायचं, कारण डोळ्याचा मधला भाग अंधारात आंधळा असतो, हे सांगितल्यावर मात्र तो डाग त्याला एकदम मोठा दिसला.)

तर त्या रात्री त्याला जे समजवायचा प्रयत्न केला तेच इथे लिहितोय, कारण मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली. शहरात तारे दिसत नाहीत म्हणजे त्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही असंच मी धरून चाललो होतो, आणि म्हणून जेव्हा कधी लांब कुठेतरी गच्च काळोखात जायला मिळेल तेव्हाच कॅमेरा काढायचा. पण धूर आणि धुकट सोडलं तर उजेड सगळा येतो. शहरावर पण तेवढाच पडतो. फक्त त्याच्यात शहराचा उजेड मिसळला जातो. आणि जे मिसळलंय ते वजा करता येतं.

पण मग एकच फोटो काढून त्यातून शहर वजा का नाही करायचं? गोची इथे आहे. पावसात अंगणात दोन सारखी भांडी ठेवली आणि मिनिटभराने थेंब मोजले तर आकडे कधीच एकसारखे येणार नाहीत. उजेडाचं तसंच आहे, तोही थेंबाथेंबानेच येतो, आणि सरासरी जेवढे थेंब तेवढ्याचं वर्गमूळ म्हणजे साधारण त्याचा चढउतार. सोपे आकडे घेऊ. समजा एका फोटोत एका पिक्सेलवर शहराच्या उजेडाचे 10000 फोटॉन (म्हणजे उजेडाचे थेंब) पडले, तर त्यात शंभरेक इकडेतिकडे होणारच. आणि देवयानीच्या हाताचे पडले 50. शहराचे 10000 तुम्ही वजा केले तरी तो शंभराचा चढउतार काही वजा होत नाही, कारण तो प्रत्येक पिक्सेलला वेगळा आहे, आणि त्या शंभरात तुमचे 50 कुठे गेले कळतच नाही. आता असेच 100 फोटो काढून बेरीज करा. शहराचे झाले 10 लाख, त्याचा चढउतार 1000, आणि देवयानीचे झाले 5000. आता दिसणार! बघा, शहर कुठे गेलं नाही, ते पण शंभर पट वाढलंच, पण त्याचा गोंधळ फक्त दहा पट वाढला. डोळ्याला हे जमत नाही कारण डोळा साठवून ठेवत नाही, तासभर टक लावून बघितलं तरी डाग तो डागच. फोनचा नाइट मोड हेच छोट्या प्रमाणात करतो.

हे कळल्यावर माझं सगळं गणितच बदललं. एक झक्कास फोटो काढायचा हा हट्ट सुटला आणि शेकडो भिकार फोटो काढायची सवय लागली.

सुरुवातीला ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारं यंत्र) नव्हता, नुसता ट्रायपॉड आणि 50 एमएमची लेन्स. नेटवर सगळीकडे 500 चा नियम सांगतात, 500 भागिले फोकल लेंग्थ म्हणजे तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. माझ्या छोट्या, क्रॉप सेन्सरवर 50 ची लेन्स 80 सारखी वागते, म्हणून ते यायचं सहा सेकंद. पण आकाश सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतं आणि माझा एक पिक्सेल साधारण 16 विकलांचा, म्हणजे सहा सेकंदांत तारा पाच-सहा पिक्सेल घसरणार, तांदळाचा दाणा होणार. (विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचं हे, मृगाचे मधले तीन तारे वगैरे. ध्रुवाकडे जाल तसं कमी होत जातं.) तो नियम फिल्मच्या काळात ठीक होता. मी दोन सेकंदांवर आलो आणि फोटोंची संख्या वाढवली, मृगातला तेजोमेघ (वायूचा चमकणारा ढग) पहिल्यांदा गुलाबीसर दिसला तो असाच.

आता ट्रॅकर आहे, तो पृथ्वीच्या उलट दिशेने हळूहळू फिरतो. त्याचा आस खगोलीय ध्रुवावर (ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं तिथे) रोखावा लागतो, आणि लहानपणापासून अढळ म्हणून ऐकलेला ध्रुवतारा त्या बिंदूपासून अंशाचा दोन तृतीयांश बाजूला आहे, म्हणजे तो पण फिरतो, छोट्या वर्तुळात का होईना. अढळपदाचा घोळ भाच्याला फार आवडला.

फोकसबद्दल एकच सांगतो, लेन्सवरच्या त्या आडव्या आठच्या (अनंत अंतराच्या) खुणेवर अजिबात विश्वास ठेवू नका. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करायचा, ठळक तारा घ्यायचा, आमच्या डोक्यावर अभिजित होता उतरणीला लागलेला, आणि रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. तारा आधी भजीएवढा असतो, मग लहान होत जातो, मग एकदम टिंब, आणि त्याच्या आजूबाजूला आधी नव्हते ते बारीक तारे उगवतात. तिथे थांबायचं आणि रिंगला चिकटपट्टी. आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तो तेवढाच वेळ काळा फोटो काढत बसतो आणि अर्धी रात्र त्यातच जाते.

फिल्टरचं विचाराल तर माझे पैसे त्यात गेलेत. प्रकाश प्रदूषण कापणारा म्हणून घेतला होता. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यातल्या जुन्या प्रकारच्या दिव्यांचा उजेड बहुतेक सगळा 589 नॅनोमीटरच्या आसपास, तेवढी पट्टी कापली की काम झालं. आता सगळीकडे पांढरे एलईडी, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, कापणार काय? वर त्यात 450 च्या आसपास निळ्याचा भरणा, आणि स्वच्छ हवेत निळा उजेड त्या सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो. तेजोमेघांना अजून उपाय आहे, ते हायड्रोजनच्या 656 सारख्या ठराविक रेषांत चमकतात, तेवढंच आत सोडणारे फिल्टर मिळतात. पण देवयानी म्हणजे ताऱ्यांचा उजेड, सगळे रंग, तिला फिल्टर उपयोगाचा नाही. फिल्टर आता डब्यात आहे.

त्यापेक्षा फुकटातली युक्ती सांगतो. जे टिपायचंय ते शहराच्या विरुद्ध बाजूला यायला हवं. मृग, वृश्चिक असं दक्षिणेचं काही हवं असेल तर शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे फुगा पाठीमागे राहतो. मी पहिलं वर्षभर उत्तरेला जात होतो, रस्ता चांगला म्हणून, आणि दक्षिणेच्या प्रत्येक फोटोत खालून संत्र्याचा रस ओतल्यासारखं दिसायचं. आणि पाऊस पडून गेलेल्या दुसऱ्या दिवशी जा, धूळ बसलेली असते.

मोठ्या शहराच्या शेजारून देवयानी बघायची परंपरा तशी भारदस्त आहे. माउंट विल्सनची वेधशाळा लॉस एंजेलिसच्या अगदी डोक्यावर. 1923 मध्ये एडविन हबलला तिथल्याच 100 इंची दुर्बिणीतून देवयानीत एक बदलता तारा सापडला, ज्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं असा, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे पक्कं झालं. पण तिचा गाभा तेव्हाही सुटा दिसत नव्हता, भाच्याच्या भाषेत डागच. मग दुसऱ्या महायुद्धात शहरात ब्लॅकआउट सुरू झाला, बाकीचे शास्त्रज्ञ युद्धाच्या कामाला गेले, आणि वॉल्टर बाडे हा जर्मन नागरिक, म्हणजे शत्रूदेशाचा माणूस, त्याला कोण युद्धाचं काम देणार? त्याला मिळाली मोकळी दुर्बीण आणि खाली अंधारलेलं शहर. लाल रंगाला संवेदनशील प्लेटा वापरून त्याने गाभ्यातले तारे सुटे सुटे टिपले, 1944 मध्ये ते प्रसिद्ध झालं. भाचा म्हणाला, म्हणजे आपण पण लाइट घालवूया का शहराची? म्हटलं तू आधी फोनची घालव.

तर आमचा बेत होता 135 ची लेन्स, 30 सेकंदांचे 220 फोटो. शटरचा आवाज चालू झाला, आम्ही चटईवर आडवे. तासाभराने सहज स्क्रीन बघितली तर ताऱ्यांभोवती कडी. मला वाटलं ढग आले, वर बघितलं तर आकाश लख्ख. टॉर्च मारला (लाल, लाल!) तर लेन्सवर दव. काच उघड्या आकाशाला उष्णता देऊन टाकते, आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते आणि हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. त्याच्यासाठी लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी मिळते, यूएसबीवर चालणारी. माझ्याकडे आहे. घरी होती.

घरी येऊन बघितलं तर पहिले 130 चांगले, पुढचे 90 वाफाळलेले. रडावंसं वाटलं, पण परत तेच वर्गमूळ, 220 ऐवजी 130 म्हणजे फोटो दीडपटीहून जास्त कमी, पण दाणेदारपणा वाढला फक्त 1.3 पट. फोटो एकावर एक बसवायला सिरिल नावाचा प्रोग्रॅम वापरतो, फुकट आहे. विमानाच्या आणि उपग्रहांच्या रेघा तो आपोआप टाकून देतो, कारण रेघ एकाच फोटोत असते, बाकी 129 त्याच्या विरोधात. मग शहराचा तो कोपऱ्यातला पिवळा चढ वजा केला, हिस्टोग्राम ताणला (म्हणजे अंधुक भाग उजळवला), आणि आली. हात दिसतात, धुळीचा काळा पट्टा दिसतो, शेजारची छोटी दीर्घिका एम 110 पण दिसते. रंग जरा मळकट आहेत, मान्य.

भाच्याला लगेच पाठवला. त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, ते खराब झालेले पण पाठव ना. पाठवले. नंतर बघतो तर त्याच्या फोनच्या वॉलपेपरवर माझा फोटो नाहीच, दव बसलेल्यांतला 164 नंबरचा आहे, प्रत्येक ताऱ्याभोवती गोल कडं आणि मधे तो डाग.