सही न केलेला राजीनामा

दुपारी चारला मनुष्यबळ विभागाचा फोन आला, तेव्हा मी पान तीनचा मथळा बसवत होतो. खाली गेलो तर टेबलावर दोन कागद. एकावर माझा राजीनामा, ‘वैयक्तिक कारणास्तव’, टाइप करून तयार. दुसऱ्यावर मिळणाऱ्या रकमेचा हिशेब. आजच सही केली तर एक पगार जास्त, उद्या तो नाही. समोरचे गृहस्थ ‘पुनर्रचना’ हा शब्द तीनदा बोलले. कॉपीत आला असता तर मी तो खोडून ‘नोकरकपात’ लिहिलं असतं.

इतरांना अडचणीचे प्रश्न विचारण्यात माझी सतरा वर्षं गेली, पण त्या खोलीत एक प्रश्न सुचेना. पेन हातात घेतलंही होतं. मग एक फोन करून येतो म्हणून बाहेर पडलो आणि युनियनच्या सचिव असलेल्या ताईंना गाठलं. खरं सांगायचं तर युनियन म्हणजे माझ्या लेखी वार्षिक सभा आणि वर्गणीची पावती. दोनदा ती सोडायचं ठरवलं होतं. आळसामुळे राहून गेलं, एवढंच.

ताईंनी पहिलं विचारलं, “सही केलीत का?”

नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग कागदांच्या प्रती मागा, वाचायला वेळ हवा म्हणा. आणि कोण काय बोललं ते आत्ताच वेळेसकट लिहून काढा.” राजीनामा दिला की कागदोपत्री नोकरी मीच सोडलेली, मग नोटिशीचा पगार कसला आणि भरपाई कसली! हेच दुसऱ्याच्या बाबतीत असतं तर मी चौकट करून छापलं असतं.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप मागितला गेला. डेस्कवर येण्याआधी मी बातमीदारी करायचो. त्यात जुन्या सूत्रांची नावं होती, त्यांचा पत्रव्यवहार होता. मला पगारापेक्षा याचीच धास्ती. ताईंनी लेखी कळवलं: यंत्र कंपनीचं आहे, परत मिळेल, पण सूत्रांचा मजकूर आधी बाजूला काढला जाईल. सोबत आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाने २०१९ मध्ये ट्युनिसला मंजूर केलेली आचारसनद जोडली. विश्वासाने माहिती देणाऱ्याबद्दल पत्रकाराने गुप्तता राखावी, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. संपादकांनी हरकत घेतली नाही.

पुढच्या बैठकीला ताई माझ्या शेजारी बसल्या. त्या फारशा बोलल्या नाहीत, फक्त टिपणं घेत होत्या. समोरच्यांची भाषा मात्र एकदम जपून झाली.

यादीत आम्ही अकरा जण होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार आहे. आर्थिक कारणाने माणसं कमी करायची असतील तर कारण, संख्या आणि कोणत्या प्रकारचे कामगार हे त्यांच्या प्रतिनिधींना वेळेत सांगावं, कपात टाळता येईल का यावर चर्चा करावी, असं तो म्हणतो. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. ताईंनीही त्याचा धाक दाखवला नाही, त्यातून प्रश्न तेवढे काढले. हीच अकरा नावं का? निकष कोणी ठरवले? कुणी स्वेच्छेने जायला तयार आहे का, हे विचारलंत का? उत्तर यायला तीन आठवडे लागले. युनियनची पत्रंही मुंगीच्या पावलांनी निघायची, यावरून मी ताईंवर एकदा चिडलोसुद्धा.

एक तरुण सहकारी नोटीस आल्यावर सभासद व्हायला धावली. सभासदत्वाच्या आधी सुरू झालेल्या वादात वकील देता येत नाही, असा आमच्या युनियनचा नियम. संयुक्त पत्रात तिचं नाव आलं, बाकीची लढाई तिला एकटीने करावी लागली. तो नियम मला तेव्हा निष्ठुर वाटला, अजूनही थोडा वाटतो.

अकरातल्या दोघांना डिजिटल विभागात घेतलं. माझी नोकरी गेलीच. पण कागदावर ‘राजीनामा’ हा शब्द राहिला नाही. नोटिशीचा पगार, भरपाई आणि अनुभवपत्र मिळालं. कंपनीविषयी कुठेही काही लिहायचं नाही, ही अट वकिलांनी काढायला लावली.

आता मुक्त पत्रकारिता करतो. पहिल्या कामाचा करारही ताईंकडे पाठवला होता; पैसे ‘प्रसिद्धीनंतर’ या शब्दाला त्यांनी तारीख लावून घेतली. वर्गणी आता कमी दराची आहे. जुन्या कंपनीकडून दोन दिवसांच्या रजेचे पैसे अजून यायचे आहेत. त्याचं स्मरणपत्र काल गेलं.