जुना टेबलफॅन फक्त ‘फास्ट’वरच का चालतो?

जुना छोटा टेबलफॅन ‘फास्ट’वर व्यवस्थित चालतो, खटका ‘स्लो’वर नेला की मात्र थांबतो, मग तळातला जड लोखंडी ठोकळा काढून टाकून त्या जागी छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर का बसवू नये, असे मला अनेकजण विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

तो ठोकळा म्हणजे चोक. पातळ लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे घातलेले असतात आणि मधूनमधून काही टोके बाहेर काढलेली असतात. ‘फास्ट’वर चोक वगळून वीज थेट मोटरला मिळते, तर ‘स्लो’वर ती सगळ्या वेढ्यांतून जाते आणि मोटरच्या वाट्याचे व्होल्टेज घटते. व्होल्टेज निम्मे झाले की मोटरचा जोर निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. बऱ्याच जुन्या पंख्यांत ‘बंद’नंतर पहिला टप्पा ‘फास्ट’चा असतो तो याचसाठी, म्हणजे सुरुवात पूर्ण जोराने होते.

म्हणूनच ‘स्लो’वर पंखा अडला की मी आधी चोकवर संशय घेत नाही. मोटर गुणगुणत असेल पण पाती फिरत नसतील, तर वीज पोहोचते आहे आणि दोष बहुधा बुशात, म्हणजे मोटरचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो तिच्यात आहे, कारण वर्षानुवर्षांचे तेल तिथे डिंकासारखे चिकट झालेले असते. अशा वेळी पंखा लगेच बंद करावा, कारण अडलेली मोटर तापते. प्लग काढून पाती बोटाने फिरवावीत. ती सैल फिरून हळूहळू थांबायला हवीत. बुश धुऊन, पूर्ण वाळवून, फेल्टला (बुशाभोवतीच्या, तेल धरून ठेवणाऱ्या नमद्याला) शिलाई मशीनचे पातळ तेल दिले की रेग्युलेटरची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते.

पंखा ‘स्लो’वर अगदी गप्प असेल, तर मात्र तळाची पट्टी उघडावी. प्लग काढलेलाच ठेवून, चोकची एक बाजू मोकळी करून मल्टिमीटरने प्रत्येक टोकापर्यंतचा रोध मोजावा. तार बहुधा बाहेर काढलेल्या टोकाच्या डाखापाशी तुटते. तिथे हिरवट गंज दिसतो आणि इनॅमल खरवडून नवा डाख दिला की काम भागते. खटक्याच्या पितळी पट्ट्या काळवंडल्या असतील तर त्याही बारीक काचपेपरने घासाव्यात. तार आत तुटली असेल किंवा वेढे जळाले असतील, तर वाइंडिंगवाल्याकडे जाण्याला पर्याय नाही. त्याला तारेचा गेज (जाडी) आणि प्रत्येक टोकापर्यंतचे वेढे जुनी तार उलगडतानाच मोजून लिहायला सांगावे. काही चोकच्या गाभ्यात दोन भागांच्या मध्ये कागदाची चकती असते; ती कचरा समजून कोणी टाकली, की फट मिटून चोकचा अडसर वाढतो आणि मोजून घातलेल्या वेढ्यांवरही पंखा पूर्वीपेक्षा हळू चालतो. पट्ट्या सैल राहिल्या तर घुमणारा आवाज येतो, म्हणून वार्निश पाजून त्या घट्ट कराव्यात.

आता मूळ प्रश्न. दिव्यांचा डिमर विजेची लाट कापून देतो, त्याने अशी मोटर कुरकुरते आणि जास्त तापते. छताच्या पंख्याच्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात आणि ते त्या मोटरच्या विजेच्या हिशेबाने निवडलेले असतात. या छोट्या मोटरशी ते सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या एकाच वाटेत एकापाठोपाठ, जोडले तर वेग हवा तसा उतरेलच असे नाही, उलट मोटरवरचे व्होल्टेज वाढूही शकते. तेव्हा माझे उत्तर ‘बसवू नये’ असेच आहे, आणि त्यात जुन्या वस्तूविषयीची माया फारशी नाही.

जोडणी करताना तळातल्या ठिसूळ रबरी तारा बदलाव्यात, लोखंडी अंगाला अर्थिंग देऊन तीन पिनांचा प्लग लावावा आणि पहिल्यांदा वीज सोडताना शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो सापडेपर्यंत पंखा थेट विजेवर लावू नये.