बोयाखालचा हिशोब

गेटवेसमोर ज्या शिडाच्या आणि मोटरच्या बोटी दिसतात त्या धक्क्याला बांधलेल्या नसतात. प्रत्येकीखाली गाळात एक वजन असतं, वजनाला साखळी, साखळीला पाण्यावर तरंगणारा बोया आणि बोयाला बोट. कोचीत बोळगट्टी बेटावर तरंगत्या धक्क्यांचा मरिना आहे. गेटवेसमोर मात्र सगळी भिस्त या साखळीवर. मालक बोटीला पॉलिश करतो, गाद्या बदलतो, इंजिनाचं तेल बदलतो. बोट जिच्या जोरावर उभी आहे ती साखळी त्याने कित्येकदा पाहिलेलीसुद्धा नसते. मूरिंग, म्हणजे हे वजन-साखळी-बोया, सांभाळणाऱ्याचं खरं काम तिथे आहे.

आधी पाणी. मुंबईत दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सरासरी भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, हेच आकडे ३.३० आणि १.८६. म्हणजे उधाणाला साडेतीन मीटरपेक्षा जास्त चढउतार, भांगाला दीड मीटरही नाही. मोठ्या उधाणाला भरती पाच मीटरला टेकते. भरतीची वेळ कोळीवाड्यातल्या जुन्या हिशोबाने, तिथीच्या पाऊणपट, आजही कामापुरती बरोबर येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कामाचं वेळापत्रक त्यावरच बसवायचं. पाण्याखालचं काम अष्टमी ते दशमीच्या दरम्यान घ्यावं. तेव्हा ओढ कमी असते आणि ओहोटी दुपारी बारा ते दीडला येते, उजेडात. उधाणाची ओहोटी नेहमी पहाटे नाहीतर संध्याकाळी, पाचसहाच्या सुमारास.

आता वजन. काँक्रीटचा ठोकळा स्वस्त पडतो म्हणून सर्रास टाकतात, पण एक टन काँक्रीट समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५७० किलो भरतं. बाकीचं वजन पाणीच उचलून धरतं. लोखंडाच्या ठोकळ्याचं वजन पाण्यात फक्त १३-१४ टक्क्यांनी घटतं. त्यामुळे ‘दोन टनी सिंकर’ (तळाचं वजन) असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न: कशाचा? आपल्या बंदराचा तळ मऊ गाळाचा आहे, हे त्यातल्या त्यात बरं. ठोकळा गाळात रुततो आणि गाळ त्याला धरून ठेवतो. पण ती पकड यायला काही आठवडे जातात. नवा ठोकळा टाकला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला चाळीस फुटी बोट बांधली तर तो घसरणारच.

हाच ठोकळा पुढे उचलायची वेळ आली की क्रेनचा हट्ट धरू नका, भरतीला काम करू द्या. ओहोटीच्या तळाला बार्जवरून साखळी ताणून घट्ट बांधायची आणि थांबायचं. पाणी चढतं तसा गाळ हळूहळू सुटतो. दोर मात्र असा बांधा की ताण असतानाही एका झटक्यात सोडता येईल. ठोकळा सुटला नाही आणि बार्जची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात जायला लागली, तर गाठ उकलत बसायला वेळ मिळत नाही. त्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी प्रत्येक वेळी सांगावं.

साखळी दोन भागांत असते. खालची जाड, २० ते २२ मिलिमीटरची, बरीचशी तळावर लोळणारी. वरची १६ मिलिमीटरची, तळावरून बोयापर्यंत. नकाशावर खोली ४ मीटर असेल तर मोठ्या उधाणाला तिथे ९ मीटर पाणी असतं. लांबी त्या ९ वर काढायची, ४ वर नाही. एकूण लांबी त्याच्या अडीचपट धरली तर साधारण २२ मीटर. खालच्या साखळीच्या वजनाने ती पोटात सैल राहते, लाटेचा झटका ती पोटातच जिरवते आणि ठोकळ्यापर्यंत पोचू देत नाही. आखूड ठेवली तर भरतीच्या वेळी ती सरळ उभी ताणली जाते आणि प्रत्येक लाट ठोकळा वर उपटू पाहते.

यावर मालकांची तक्रार ठरलेली: ‘दोन बोयांमध्ये एवढी जागा कशाला?’ २२ मीटर साखळी, ३ मीटर बांधायचा दोर आणि १० मीटरची बोट. जोराच्या वाऱ्यात ठोकळ्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत ३५ मीटरच्या आसपास अंतर होतं. गंमत अशी, की तेव्हा सगळ्या बोटी एकाच दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे सहसा भिडत नाहीत. भिडतात त्या वारा पडल्यावर, ओहोटीच्या वेळी, जेव्हा साखळी सैल असते. खोल कील, म्हणजे तळाखालचा पंख, असलेली शिडाची बोट पाण्याच्या ओढीला तोंड देते, उथळ तळाची मोटरबोट वाऱ्याला. दोघी शेजारी असल्या की एक इकडे फिरते, दुसरी तिकडे. म्हणून नुसती लांबी बघून जागा देऊ नये. एका जातीच्या बोटी एकत्र ठेवाव्यात.

साखळी झिजते कुठे, हे ठाऊक असलं की अर्धं काम झालं. वर बोयाखाली नाही आणि गाळात पुरलेल्या टोकालाही फारशी नाही. झिजते ती मधे, जिथे भरतीला उचलली जाते आणि ओहोटीला परत तळावर टेकते. दिवसातून दोन भरत्या, त्यावर लाटांची सततची धडपड, आणि मधे गाळाची, वाळूची पॉलिशपेपरसारखी घासण. चढउतार जितका मोठा तितका हा पट्टा लांब. मुंबईत तो तीन-चार मीटरचा सहज असतो.

मोजमाप व्हर्नियर कॅलिपरने घ्यायचं, पण कडीच्या बाजूवर नाही; दोन कड्या एकमेकींवर घासतात त्या वळणावर. कडी बाजूने अगदी नवी दिसते आणि वळणावर निम्मी झालेली असते. शेवाळ आणि कालवं खरवडल्याशिवाय घेतलेला आकडा खोटा. १६ मिलिमीटरची कडी १३ वर आली की बदलायची. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ, पण ताकद जाडीवर नाही, छेदाच्या क्षेत्रफळावर असते, आणि ते ३४ टक्क्यांनी घटलेलं असतं.

पाणबुड्याचा तोंडी अहवाल याला पुरत नाही. आपल्या बंदरात पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही. तो बिचारा चाचपून सांगतो आणि हाताला सगळीच साखळी जाड लागते. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, साखळी बार्जवर उचलून घ्या आणि उजेडात बघा. आकडा वहीत मूरिंगच्या नंबरापुढे लिहा, तारखेसकट. सलग दोन वर्षांचे आकडे असले की तिसऱ्या वर्षी काय होणार ते वहीच सांगते.

जोडांचं दुखणं वेगळं. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधलेली नसेल तर बोट फिरता फिरता ती उलगडते. घट्ट आवळली म्हणून भागत नाही. गॅल्व्हनाइझ्ड साखळीला स्टेनलेसचा चकचकीत शॅकल लावण्याचा मोह मालकांना फार. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो. शॅकल चकचकीत राहतो, त्याच्या शेजारची कडी जाते. साखळी ज्या धातूची, शॅकलही त्याच धातूचा. भोवरकडी, म्हणजे स्विव्हल, बोयाच्या लगेच खाली ठेवावी. ती हाताने फिरत नसेल तर ती असून नसल्यासारखी. साखळीला पीळ पडतो, पीळ पडलेली साखळी आखूड होते आणि पुन्हा ताण ठोकळ्यावर येतो.

बोयापासून बोटीपर्यंतचा दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो. एक नको, दोन हवेत, आणि दोन्ही बोटीवरच्या वेगवेगळ्या क्लीटना (दोर बांधायच्या खुंट्यांना). तो तुटतो नाळेवरच्या रोलरपाशी, घासून. तिथे जाड होजपाइप चढवा आणि तो सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांधून टाका. पाण्यात राहणाऱ्या भागावर बारीक कालवं धरतात, ती ब्लेडसारखी असतात. दोर बदलायला आलाय हे आतून कळतं: पीळ उकलून बघा, आतले धागे भुसभुशीत झाले असतील तर बाहेरून कितीही धड दिसो, टाकून द्या.

मांडव्यासारखा तरंगता धक्का असेल तिथे हिशोब किनाऱ्यावरून धक्क्यावर उतरणाऱ्या पुलाच्या उतारापासून सुरू होतो. चार मीटर उतारासाठी १२ मीटरचा पूल केला तर ओहोटीला तीनास एक उतार पडतो, म्हणजे बर्फाचा खोका घेऊन उतरणारा खलाशी घसरलाच. २० मीटरचा केला तर पाचास एक. बाकी नेमाने बघायचं ते खांबांवरचे रोलर, सांध्यांचे बोल्ट आणि विजेचे सॉकेट. सॉकेटच्या पितळेवर हिरवट थर आला की तिथे उष्णता तयार होते. जळालेल्या प्लगचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रत्येक सॉकेटला ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर स्वतंत्र हवा. आणि एखाद्या बोटीचे झिंक ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे जस्ताचे तुकडे) नेहमीपेक्षा लवकर संपत असतील तर रंगाऱ्याला दोष देण्याआधी तिची किनाऱ्यावरची वीज महिनाभर काढून बघा. अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि तुमचं झिंक कदाचित दुसऱ्याच्या बोटीचं रक्षण करत असतं.

पावसाळा जूनमध्ये येतो, पण तयारीची मुदत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला; निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं ते ३ जून २०२० ला. १ जूनला मासेमारी बंद होते म्हणून आपणही ३१ मेपर्यंत थांबायचं, हा हिशोब दोन्ही वेळा चुकीचा ठरला असता. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागल्यावर क्रेन मागवू नका. तेव्हा सगळेच मागवतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तेव्हा ‘मागच्या वर्षी टिकली होती’ याला फारसा अर्थ नाही.

बोट बाहेर काढून शाकारली की तळाचा ड्रेन प्लग काढून ठेवा आणि चावीच्या जुडग्याला बांधा. मुंबईत एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस नवा नाही. चार चौरस मीटरच्या उघड्या कॉकपिटमध्ये त्याचे ८०० लिटर होतात. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी तोवर उतरलेली असते आणि टेकूंवर अचानक पाऊण टन जास्तीचं वजन येतं. ताडपत्रीला मधे उंच कणा द्या, नाहीतर तीच पाणी साठवते. टेकू चिखलात थेट ठेवू नका, खाली फळ्या घाला, आणि समोरासमोरचे टेकू साखळीने जोडा म्हणजे माती भिजल्यावर पाय पसरणार नाहीत. ताडपत्री टेकूंना बांधू नका. वारा ताडपत्री ओढतो आणि टेकू घेऊन जातो.

तळाचा रंग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावून मोकळं होण्यात शहाणपण नाही. बराचसा अँटिफाउलिंग (शेवाळ-कालवं धरू न देणारा) रंग कोरड्यात पडून राहिला की निकामी होत जातो. डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बोट पाण्यात गेली पाहिजे. ॲल्युमिनियमच्या तळाला तांब्याचा रंग कधीच नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी उतरायला लागतात तेव्हा घाई क्रेनवाल्याला असते, कारण तो तासावर असतो. बोट पाण्यात टेकली तरी क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. एक माणूस आत पाठवा. प्रत्येक सीकॉक (तळातल्या भोकाचा नळ), पंख्याच्या शाफ्टचं ग्लँड, लॉगचा (वेग मोजणाऱ्या यंत्राचा) आणि डेप्थसाउंडरचा (खोली मोजणाऱ्याचा) सेन्सर, सगळं टॉर्चने बघून हात फिरवून कोरडं आहे का ते तपासायला लावा. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. ड्रेन प्लग लावला का, हे त्याआधी, बोट हवेत असतानाच.